एक्क्याण्णवनंतर चौऱ्याण्णव

जुनी इंदूर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

सुलोचनाताई, नमस्कार.

माझा फोन तुम्ही उचलत नाही. तो तुमचा हक्क आहे, मी तक्रार करत नाही. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तुम्ही ते न फोडताच ठेवून द्याल असं वाटलं, म्हणून पत्ता वल्लरीकडून लिहून घेतला. चोरी सुरुवातीलाच कबूल केलेली बरी.

काम एकच आहे. तिन्ही मुलांना एकत्र बसवून मोठ्यानं वाचून दाखवता येईल असं एखादं पुस्तक सुचवा. धुळ्याच्या शाळेत तीस वर्षं तुम्ही लायब्ररी सांभाळलीत. शालिनीला दर दिवाळीत पुस्तकांचं पार्सल यायचं ते तुमच्याकडूनच. आणि तुमच्या बहिणीचा नियम तुम्हाला माहीत आहे, "हाताला काम, कानाला गोष्ट." ती वाचणार आणि बाकीच्यांनी मटार सोलायचे, मेथी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायच्या. मी कारखान्यातून आलो की मलाही मोज्यांच्या जोड्या लावायला बसवायची. पोरं दिवसभर हिंदी नाहीतर इंग्रजी बोलणार. मराठी कानावर पडायची ती त्या पाऊण तासात.

ती गेल्यापासून चौदा महिने घरात कोणी मोठ्यानं काही वाचलं नव्हतं. दिवाळीनंतर मी सुरुवात केली. सांवेर रोडच्या कारखान्यात माझं काम माल तपासायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, पास नाहीतर नापास. आता घरी तीन परीक्षक बसतात आणि नापास मी होतो.

पहिलं पुस्तक प्राण्यांच्या गोष्टींचं आणलं. यशोधन एकोणीस वर्षांचा घोडा, "पप्पा, मैं क्या केजी में हूँ?" म्हणून उठून गेला. मग मोठ्यांची कादंबरी आणली, तर चौथ्याच पानावर नायक-नायिका नको इतके जवळ आले. मला खोकला आला. वल्लरी आता सोळाची झाली, ती खिडकीबाहेर बघून हसू दाबत होती. आणि श्रियानं विचारलं, "रुक क्यों गए पप्पा?" ती अकराची आहे. या वयाला सगळं कळतं आणि काहीच कळत नाही. तिसरं भुताखेतांचं. वल्लरी खूश, आणि श्रिया दोन दिवस न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आंघोळ करत होती.

अकरा, सोळा आणि एकोणीस यांना एका सतरंजीवर बसवील असं काही तुमच्या नजरेत असेलच.

बाकी घरी सगळं ठीक आहे. श्रिया मजेत आहे. काळजी नसावी.

श्रीपाद

रविवार, ८ डिसेंबर २०२४

सुलोचनाताई, नमस्कार.

पार्सल मिळालं. तिन्ही पुस्तकं उलटी धरून झटकली, चिठ्ठी निघाली नाही. वरचा पत्ता तेवढा तुमच्या हातचा होता. तेही पुष्कळ आहे.

शालिनी निवडायची तसंच निवडलं. प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान वाचायचं आणि हात वर करायचे. धाकटीला दोन मतं, कारण धाकट्यांच्या वाट्याला सगळीकडे मोठ्यांचं उरलेलंच येतं, असं शालिनी म्हणायची. दीपगृहावर राहणाऱ्या दोन बहिणींचं पुस्तक निवडून आलं. ताई, तुम्हाला मानलं पाहिजे. यशोधन सतरंजीवर आला नाही, पण दारात मोटारसायकलचा प्लग पुसत बसला. एक प्लग नऊ दिवस पुसत होता. वादळात मोठी बहीण होडी घेऊन जाते तिथे मी पाणी प्यायला थांबलो, तर म्हणाला, "अरे यार पप्पा, आगे तो पढ़ो!" वल्लरीनं माझे चार उच्चार सुधारले. घरात पुन्हा आवाज झाला.

काल शेवटचं प्रकरण होतं. मी पान उलटलं, तर श्रियानं पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. "शेवटचं नको." मी म्हटलं, अगं, बहीण परत येते की नाही ते कळायला नको का? "नको म्हटलं ना." वाळत घातलेल्या कपड्यांचा चिमटा काढून तिनं उरलेल्या पानांना लावला आणि पुस्तक आत घेऊन गेली. यशोधन भडकला. मी मध्ये पडलो नाही.

मागच्या पत्रात ती मजेत आहे असं लिहिलं होतं. तसं नाही. आज तिची गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली पुस्तकं सापडली. शाळेची, मैत्रिणींकडून आणलेली, आणि मी आणलेलं भुताचंसुद्धा. अकरा पुस्तकं, आणि सगळ्यांच्या शेवटच्या प्रकरणाला चिमटे. घरातले चिमटे कुठे जातात म्हणून मी वर्षभर शेजाऱ्यांवर संशय घेत होतो.

सर्वांत खाली लाकडाच्या वखारीतल्या हत्तिणीचं पुस्तक होतं. तुम्हीच पाठवलेलं. त्याला चिमटा लावला होता शालिनीनं. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी ती ते वाचत होती. दम लागला, तेव्हा म्हणाली, "राहिलेलं आल्यावर वाचू."

ते उघडायची माझी हिंमत झाली नाही. गादी तशीच परत घातली.

श्रीपाद

रविवार, २९ डिसेंबर २०२४

सुलोचनाताई, नमस्कार.

तुमचं उत्तर नाही, तरी लिहितो आहे. लिहायची सवय लागली की काय कोण जाणे.

शालिनीच्या कपाटातली जुनी पुस्तकं काढली. तुम्ही पाठवलेल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात शेवटाकडे पेन्सिलची बारीक फुली आहे आणि शेजारी तुमच्या अक्षरात सूचना. "इथून थेट १२० वर जा." "ही दोन पानं गाळ, मुलं रडतील." "आजोबा गावी गेले असं म्हण."

मला हे माहीतच नव्हतं. बारा वर्षं मी मोज्यांच्या जोड्या लावत ऐकलं आणि मला वाटायचं, काय सुंदर पुस्तकं निवडतात ताई, कुठेही कोणाचा जीव जात नाही.

वल्लरीला दाखवलं, तर ती म्हणाली, "पप्पा, मला आठवीतच कळलं होतं. मी लपून सगळी परत वाचली. आईच्या गोष्टीत कोणी मरतच नव्हतं. असली में सब मरते हैं." मग हातातल्या मेथीच्या काड्या ताटात टाकून म्हणाली, "तुम्ही सगळे सेम आहात. आई, मावशी, तुम्ही. आम्हाला काही खरं सांगतच नाही." मी म्हटलं, लहान होतात तुम्ही. "मागच्या वर्षी मी लहान होते?"

मागच्या वर्षी, म्हणजे शालिनी दवाखान्यात होती तेव्हा. मी मुलांना सांगितलं होतं की आई गणपतीच्या आरतीला घरी येईल. श्रियानं आरतीचं तबक घासून ठेवलं होतं. आई गेली गणपतीच्या तीन दिवस आधी. डॉक्टरांनी मला दहा दिवस अगोदर सांगितलं होतं, "घरच्यांना बोलावून घ्या." ते मी मुलांना सांगितलं नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्ही रोज फोन करायचात, मी रोज म्हणायचो, सुधारते आहे, तुम्ही गौरीला येणारच आहात ना, तेव्हाच या.

तेराव्याला तुम्ही एकच वाक्य बोललात. "श्रीपादराव, सहा तासांचा रस्ता होता." आणि पाणीही न घेता बस धरायला निघून गेलात.

श्रियाचं मला आता थोडं कळतं आहे असं वाटतं. हत्तिणीचं शेवटचं प्रकरण आई येऊन वाचणार होती. ते वाचलं नाही तोवर आईचं यायचं राहिलं आहे. बाकीच्या पुस्तकांचे शेवट तिनं त्याच्याच सोबतीला बांधून ठेवले असावेत.

तिच्या वर्गशिक्षिकेनं बोलावून घेतलं होतं. परीक्षेतही शेवटचा प्रश्न ती कोरा सोडते. येत असतानाही सोडते. ताई, ही पोर माझ्या हातून जाते आहे. काय करू ते सांगा. तुम्ही माझ्यावर रागावलेल्याच राहा, पण हे तेवढं सांगा.

श्रीपाद

रविवार, १९ जानेवारी २०२५

सुलोचनाताई, नमस्कार.

तुमचं कार्ड आलं. चारच ओळी होत्या, पण मी त्या पाठ केल्या आहेत. "हत्तिणीचं पुस्तक तिला पूर्ण वाचून दाखवा. फुल्या मी केल्या, चूक माझी. आता एक ओळही गाळू नका. आणि शालू शेवटी माझ्याविषयी काही बोलली का, तेवढं कळवा."

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. बोलली. "ताईला माझा नमस्कार सांगा" म्हणाली. शांतपणे गेली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आता पुस्तकाचं. श्रियाला म्हटलं, मावशीनं सांगितलंय पूर्ण वाचायचं. तिनं कार्ड स्वतः वाचलं, मग गादीखालून पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवलं. चिमटा तिनंच काढला. बाहेर गारठा होता, मटारांचं मोठं ताट मध्ये होतं, आणि यशोधन आपणहून सतरंजीवर येऊन बसला. मी वाचायला लागलो. हत्तीण आजारी पडते, माहुताची मुलगी तिला नदीवर नेते. एक्क्याण्णव पानाच्या तळाशी तुमची फुली होती, "थेट ९४."

ताई, मी गाळणार नव्हतो. देवाशपथ सांगतो. पण समोर तिचा चेहरा होता आणि माझ्या बोटांनी दोन पानं एकदम उलटली. चौऱ्याण्णवावर नवी सकाळ होती, वखारीत नवी हत्तीण आली होती. मी आवाज न बदलता वाचत सुटलो. माझा आवाज खोटं बोलताना कापत नाही, हे मला दवाखान्यातच कळलं होतं.

श्रिया म्हणाली, "पप्पा, इक्यानवे के बाद सीधा चौरानवे?"

ती माझ्या मांडीशी बसून पानांचे आकडे बघत होती. मी म्हटलं, चिकटली होती बेटा. तिनं हात लांब करून ती पानं सोडवली. चिकटलेली नव्हती. ती रडली नाही, ओरडली नाही. सोललेले मटार शांतपणे ताटात ओतले आणि उठून गेली. यशोधन एवढंच म्हणाला, "क्या पप्पा आप भी."

आज आठ दिवस झाले. ती माझ्याशी बोलत नाही. डबा घेते, दप्तर घेते, जाते. काल मी म्हटलं, आज थंडी आहे, स्वेटर घाल. तिनं वल्लरीला विचारलं, "दीदी, सच में ठंड है क्या?"

मी थंडी आहे म्हटलं, तर तेही तिला खरं वाटत नाही.

श्रीपाद

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सुलोचनाताई,

हे पत्र लांब आहे. पूर्ण वाचा.

गेल्या रविवारी मी तिघांना बोलावलं आणि पुस्तक श्रियाच्या हातात दिलं. म्हटलं, पानं तू उलट, मी वाचतो. ब्याण्णव आणि त्र्याण्णव अशी दोनच पानं होती ती. हत्तीण नदीकाठी आडवी होते. माहूत मुलीला म्हणतो, घरी जा, उद्या बरी होईल. मुलगी जात नाही. ती हत्तिणीच्या कानाशी बसते आणि श्वास मोजते, आणि मग मोजायला श्वास उरत नाही. एवढंच आहे. लिहिणाऱ्यानं काहीही रंगवलेलं नाही. या दोन पानांना आपण तिघं, तुम्ही, शालिनी आणि मी, घाबरत होतो, ताई.

यशोधन रडला. एकोणीस वर्षांचा मुलगा, मटारांच्या सालीत तोंड घालून रडला. त्याला मी आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. श्रियानं पुस्तक मिटलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "ती बसली होती जवळ. मला का नाही बसू दिलं?"

मी म्हटलं, मी भ्यालो.

"आता आईचं शेवटचं पान सांगा. पूरा."

मी सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "मावशी को पता है?" मी नाही म्हटलं. "मग लिहा. और पहले हमको पढ़के सुनाओ." म्हणून लिहितो आहे.

मागच्या पत्रातला नमस्कार खोटा होता. शालिनी तसं काही बोलली नाही.

१६ सप्टेंबर, शनिवार. ती सकाळी पूर्ण शुद्धीवर होती. नर्सनं तिची वेणी घातली. आठच्या सुमाराला म्हणाली, "ताईला बोलवा." मी म्हटलं, बोलावलंय. "निघाली?" मी म्हटलं, हो, धुळ्याहून बसमध्ये बसल्यासुद्धा.

मी तुम्हाला फोन केला नव्हता. त्या दिवशी नाही आणि आधीच्या दहा दिवसांत खरं सांगायलाही नाही.

ती खुलली. हिशोब करायला लागली. म्हणाली, सेंधव्याला बस थांबते, तिथे ताई चहा घेईल, उलटी नको म्हणून तोंडात आवळासुपारी धरून बसेल. दुपारी तीन-चारला पोचेल. मला म्हणाली, माझी कूस बदला, दाराकडे तोंड करा. मी केली. दुपारी तिनं पेज घेतली नाही. ताई आल्यावर दोघी घेऊ म्हणाली.

चार वाजता विचारलं, "आली?" मी म्हटलं, घाटात जाम लागलाय. पाचला पुन्हा विचारलं, मी पुन्हा घाटच सांगितला. सहानंतर विचारलं नाही, पण डोळे दारावरच होते. सात वाजून दहा मिनिटांनी गेली. कूस तीच होती.

आठला मी फोन केला असता तर तुम्ही चारच्या आत खरोखरच पोचला असतात.

का केला नाही? तुमच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळेल अशी भीती वाटली, असं मी नातेवाइकांना सांगतो. ते अर्धंच खरं आहे. तुम्हाला "या" म्हटलं असतं तर ती जाणार हे मला माझ्या तोंडानं कबूल करावं लागलं असतं. जन्मभर माल नापास करत आलो, पण हे एवढं मला तोंडातून काढता आलं नाही. तिचा शेवटचा दिवस मी खोट्यावर काढला. तिला खोटी आशा दिली आणि तुमची खरी भेट हिरावली. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

हे सगळं आज दुपारी मुलांना वाचून दाखवलं. ताटात मटार होते, कोणी सोलले नाहीत. चार वाजताच्या ओळीपाशी आल्यावर वाटलं, हे ताईंना नको, फार लागेल, एवढी ओळ गाळू. मी थांबलो. श्रिया शेजारीच होती. तिनं ओळीवर बोट ठेवलं, आणि मी वाचेपर्यंत काढलं नाही.

दीपगृहाच्या पुस्तकाचा चिमटा तिनं अजून काढलेला नाही. मी विचारलंही नाही. खाली तिला दोन ओळी लिहायच्या आहेत. तिच्या मराठीत मी हात घातलेला नाही.

तुमचा अपराधी,
श्रीपाद

मावशी,

पप्पांनी सगळं वाचलं. मी पानं मोजली, एक पण नाही सोडलं. मी नाही रडली, दीदी रडली.

मला एक विचारायचंय. त्या दिवशी चार वाजता आई दाराकडे बघत होती, तेव्हा तू काय करत होतीस? घरी होतीस का? प्लीज खरं लिही. छोटं असेल तरी चालेल. तेवढंच पान आमच्याकडे नाहीये.

श्रिया